पट्टा कोण बांधणार

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या जिद्दीची कहाणी पाहिजे." मी म्हटलं, जिद्दीची नाही जमणार, मत्सराची देते. त्यांना गंमत वाटली. हसून म्हणाले, "चालेल, प्रेरणादायी असली म्हणजे झालं."

आता वाचून त्यांना काय वाटायचं ते वाटो. मी बरीच वर्षं बाकावर आडवी पडून लोखंड उचललं. देशासाठी उचललं, असं सत्काराच्या भाषणांत म्हणतात. खरं म्हणाल तर बहुतेक वेळा ते कोणाच्या तरी नाकावर टिच्चून उचललं. माझ्याएवढी जळकी बाई तुमसर तालुक्यात दुसरी नसेल, असं माझी आईच म्हणायची. शाळेतल्या मैत्रिणी सायकलनं जायच्या. मी त्यांच्या पायांवर नाही जळायची, सायकलच्या घंटीवर जळायची. माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं नेले होते, त्यामुळे पायांचा प्रश्न मिटलेला होता. घंटी मात्र मलाही वाजवता आली असती.

मी खेळायला लागले तेव्हा भंडारा जिल्ह्याचे दोन झालेले होते, गोंदिया वेगळा निघाला होता. भंडाऱ्याची माणसं याबद्दल अजून हळहळतात. मी नाही हळहळत. गोंदियाकडच्या दोन दणकट बाया जिल्ह्याच्या निवडीत माझ्यासमोर आल्या नाहीत, याबद्दल मी सरकारची आजही आभारी आहे.

आमचा खेळ लोकांना माहीत नसतो, म्हणून आधी तो सांगते. पॅरा पॉवरलिफ्टिंग म्हणजे नाव मोठं, काम एकच. बाकावर उताणं पडायचं, डोक्यामागच्या खुंट्यांवरून वजनाचा दांडा दोन्ही हातांनी उचलून समोर धरायचा. पंच ‘स्टार्ट’ म्हणाले की दांडा छातीपर्यंत आणायचा, छातीवर तो स्वच्छ थांबलेला दिसला पाहिजे, मग सरळ वर ढकलायचा. दोन्ही कोपरं एकाच वेळी ताठ झाली पाहिजेत. तीन पंच असतात, प्रत्येकाजवळ पांढरा आणि लाल दिवा. दोन पांढरे लागले तर उचललं, नाहीतर नाही. प्रत्येकीला तीन संधी. आणि सगळ्या बायकांचे शरीराच्या वजनावरून गट पाडलेले असतात, म्हणजे बारकीची गाठ बारकीशीच पडते.

स्पर्धेच्या आधी डॉक्टर तपासतात. पाय किती चालतो, ताकद किती, सगळं हलवून, वाकवून बघतात. जन्मभर ज्याला लोक कमीपणा म्हणाले, तो तिथं नियमाला पुरेसा आहे की नाही हे ठरतं. त्या खोलीबाहेर बसलेल्या बायकांचे चेहरे बघावेत. मी एकदा एकीला देवाची प्रार्थना करताना पाहिलं, की आपला पाय बरा निघू नये.

आणि पट्टा. हा लेख त्या पट्ट्याचा आहे, तेव्हा नीट समजून घ्या. साधा माणूस आडवा पडून वजन ढकलतो तेव्हा पाय जमिनीवर रोवतो. आमचे पाय बाकावरच लांब ठेवलेले असतात आणि ते काहीच धरून ठेवत नाहीत. म्हणून मांड्यांवरून पट्टा घेऊन ते बाकाला बांधतात. पट्टा सैल राहिला तर वजन वर जाताना अंग खालून सरकतं, एक हात पुढं जातो, एक मागं राहतो, आणि लाल दिवा. फार आवळला तर श्वास अडतो. हा पट्टा ज्याचा त्याला बांधता येत नाही. तुम्ही उताणे पडलेले असता. दुसरं कोणीतरी बांधतं आणि बाजूला होतं. तुम्हाला दिसतं ते फक्त छत.

माझा पट्टा माझे बाबा बांधायचे.

बाबा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हमाल होते. पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढायचं, थप्पी लावायची, उतरायचं. बोलणं कमी. घरी आले की पायरीवर बसून अंगावरचा कोंडा झटकायचे आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायचे. मला उचलायची ताकद त्यांच्याकडून आली, हे सगळेच म्हणतात. मिलमागच्या रिकाम्या गोदामात मालकानं आम्हाला बाक ठेवू दिला होता. भंडाऱ्याचे एक क्रीडाशिक्षक मोटरसायकलनं येऊन शिकवायचे. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. बाबा मिल सुटली की येऊन दाराशी उभे राहायचे.

माझी पहिली मोठी स्पर्धा बाबांमुळेच बुडाली. हमालांचा एक नियम असतो. पोतं एकदा जमिनीवरून सुटलं की मधे थांबवायचं नाही. मला त्यांनी लहानपणापासून हे ऐकवलेलं होतं. "कुंदे, मधात थांबलं का पोतं बसते. अन् बसलं का मंग ते उठत नाही." सर शिकवायचे की छातीवर थांब. मी सरावात थांबायची. पण स्पर्धेत, परक्या शहरात, दिव्यांच्या उजेडात, दांडा छातीला लागला आणि गर्दीतून बाबांचा आवाज आला, "थांबू नको!" मी थांबले नाही. वजन सरळ वर गेलं. लाल दिवे. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मला कळत होतं, तरी अंगानं ऐकलं ते बाबांचंच. जन्मभर कधी ओरडले नाहीत ते त्या दिवशी तीनदा ओरडले आणि मी तिन्ही वेळा बाद झाले.

गाडीत परत येताना ते खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, "पोत्याले थांबवाचं नाही, अन् याले थांबवा लागते. मले काय माहीत बाप्पा." आणि थोड्या वेळानं, "आता मी बोलत नाही. उचलाचं तुह्याकडे, बांधाचं माह्याकडे."

तेव्हापासून पट्टा त्यांचा. सर बांधायचे तेव्हा कधी सैल, कधी घट्ट. बाबा बांधायचे तेव्हा मला बाक आणि मी वेगळे वाटायचेच नाही. ते नेमकं काय करायचे हे मला सांगता आलं नसतं. मांड्यांवर तळहात ठेवून काहीतरी करायचे, मग पट्टा यायचा, मग एक ‘हं’ ऐकू यायचं. ‘हं’ म्हणजे झालं, उचल. त्या ‘हं’वर मी राज्यातली, मग देशातली पदकं घेतली. पदक दाखवलं की तेव्हाही ‘हं’च. शाबास हा शब्द आमच्या घरात वापरात नव्हता. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण तो कोणालाच मिळत नव्हता.

मग प्रणिता आली.

पवनीकडच्या खेड्यातली पोरगी. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, साप चावला, पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तुमसरला मावशीकडे राहायची. माझ्यापेक्षा बरीच लहान, नकली पायावर टकटक चालायची, हसली की सगळे दात दिसायचे. सरांनी तिला बाकावर झोपवलं आणि पहिल्याच दिवशी तिनं जे उचललं, ते उचलायला मला एक उन्हाळा लागला होता. मी म्हटलं, "छान." आणि दांड्यावरच्या चकत्या पुन्हा मोजून पाहिल्या.

ती माझ्याच वजनगटातली निघाली. हे कमी होतं म्हणून की काय, दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्या बाबांना बाबा म्हणायला सुरुवात केली. काका म्हणायला काय झालं होतं? तिचे स्वतःचे वडील गावी चांगले धडधाकट होते, शेती करत होते. मी एकदा तिला विचारलंही.

"काहून वो, तुह्या बाबाले काय म्हणते तू?"

"आबा म्हणतो आम्ही," ती म्हणाली. "म्हणून तर तुह्या बाबाले बाबा म्हणायले मोकळी हाव मी."

तिचे सगळे दात दिसत होते.

बाबा तिचाही पट्टा बांधायला लागले. सरांनीच सांगितलं होतं. मला ते बघावं लागायचं, कारण मी तेव्हा भिंतीला टेकून माझा नंबर यायची वाट बघत असायची. पण बघायची म्हणजे काय, बाबांची पाठ दिसायची. एक दिवस तिनं नवं वजन उचललं आणि पाठमोऱ्या बाबांच्या तोंडून निघालं, "जमली वो पोरी!" मी कुबड्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. जमली वो पोरी. चार शब्द नाहीत, तीनच आहेत. पण माझ्या वाट्याला तर एकच आला होता आणि त्याला धड शब्दही म्हणता येत नाही. घरी येऊन मी आईला म्हटलं की बाबांना म्हातारचळ लागला. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कानामागून आली अन् तिखट झाली, नाई का? मंग तू बी हो तिखट. कोण नाही म्हणते?"

मी झाले तिखट. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं उचलणं त्या दोन वर्षांतलं आहे. सकाळी प्रणिता यायच्या आत मी गोदामात हजर असायची. ती जेवढं उचलेल त्याच्यावर सर्वांत लहान चकती चढवूनच मी घरी जायची. सर खूश. पेपरवाले लिहायचे, एकाच गोदामातल्या दोन मैत्रिणी. मैत्रिणी! एका फोटोत आम्ही गळ्यात गळा घालून उभ्या आहोत. नीट बघितलंत तर माझा हात तिच्या खांद्यावर जरा जास्तच जोरात दाबलेला दिसेल.

त्याच काळातला एक सत्कार सांगते. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, होते. एका गावच्या मंडळींनी दंडारीच्या आधी आम्हा दोघींचा सत्कार ठेवला. मंच चांगला कमरेएवढा उंच, चढायला एक लाकडी शिडी. प्रणिता टकटक करत शिडी चढून गेली, टाळ्या पडल्या. मी म्हटलं, मला हात टेकून बसत बसत चढता येतं, थोडा वेळ द्या. कोण ऐकतो? चार जवान पुढं झाले आणि मला खुर्चीसकट उचललं. मी हवेत. माझ्या वजनापेक्षा जास्त वजन मी एकटी उचलते म्हणून माझा सत्कार, आणि त्यासाठी मला उचलायला चार माणसं. त्यातला एक धापा टाकत दुसऱ्याला म्हणाला, "लय भारी हाय बे." मी वरूनच म्हटलं, "गटात बसते मी, काळजी करू नको."

प्रमुख पाहुण्यांनी आमच्या बंधुभगिनींच्या दुःखाबद्दल बरंच सांगितलं आणि मोठा हार प्रणिताच्या गळ्यात घातला. मला छोटा. नंतर कळलं की मोठा हार माझा होता, पण ती समोर उभी होती म्हणून तिच्या गळ्यात गेला. तिनं तिथल्या तिथं काढून मला घातला. आता सांगा, अशा बाईचा रागही धड करता येतो का? मला त्या हाराच्या झेंडूचा वास दोन दिवस काही सुचू देईना.

मग परदेशच्या स्पर्धेची निवड आली. आखातातलं एक शहर. तिथं जायचं म्हणजे या खेळातलं सगळं काही. आणि त्या दौऱ्यासाठी एका वजनगटात आपल्या देशातून एकच बाई जाणार होती. एक जागा, आम्ही दोघी. माझं वय चढत होतं, खांदा कुरकुरत होता. ही गेली तर मी घरी, हे मला स्वच्छ दिसत होतं.

वजनगटात राहायला मी तेव्हा उपाशी राहायची. भात बंद, स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणीही बंद. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भातपिकाच्या मुलखातल्या, माणसानं भात सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना नाही कळायचं. ताटात भात नसला की आई माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघायची. तरी मी अडून होते. गट सोडला असता तर तो प्रणिताला दिल्यासारखं झालं असतं.

आणि एका संध्याकाळी बाबाच म्हणाले, "कुंदे, तू वरच्या गटात जाय. खालचा तिले राहू दे."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काहून?"

"जाय म्हणतो ना. भात खाय. अंगात काही नसलं तर पट्टा कायले बांधू मी? वरच्या गटात तू बी जाशीन, खालच्यात ते पोरगी बी जाईन."

"म्हणजे तिची जागा पक्की करून राहिले तुम्ही."

"दोघीची करून राहिलो." एवढं बोलून ते खोकायला लागले. कोंड्यानं त्यांची छाती गेली होती, तेव्हा दोन वाक्यं सलग बोलली की दम लागायचा. मिलमधली नोकरी सुटली होती. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जेवढा राग आला तेवढा आजवर कोणाचा आला नाही. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, असं मी मनात म्हटलं. सरांनीही तेच सांगितलं, वरच्या गटात जागा मोकळी आहे, तू जाऊ शकतेस. मी भात खाल्ला. रडत खाल्ला म्हटलं तरी चालेल, पण चव लागली, हे खोटं कशाला बोलू? गट बदलला आणि आम्हा दोघींचीही निवड झाली.

त्यानंतर एक गोष्ट घडली. मी तेव्हा तहसीलच्या कामावर लागले होते. एक दिवस लवकर सुटले आणि थेट गोदामात गेले. बाबा स्टुलावर बसले होते. बाकावर मी नव्हते, प्रणिताही नव्हती. बाकावर दोन अरुंद, लांब पोती आडवी घातलेली होती, कोंड्यानं अर्धवट भरलेली, एक बारीक आणि दुसरं त्याहून बारीक. प्रणिता त्यांच्यावर वाकून पट्टा आवळत होती. बाबा म्हणत होते, "असा नाही. पयले बसव त्याले. मंग." तिनं सोडला, पुन्हा बांधला. बाबांनी मान हलवली.

मी दारातून विचारलं, "हे काय चालू हाय?"

प्रणितानं चटकन हात मागं घेतले. बाबा म्हणाले, "काही नाही. पोरगी शिकून राहिली."

शिकून राहिली! मी कुबड्या फिरवल्या आणि निघून आले. मला एवढंच समजलं की बाबांचं जे होतं ते तिला देऊन झालं. दुसऱ्यांच्या बापांजवळ शेत असतं, घर असतं. माझ्या बापाजवळ पट्टा बांधायचं कसब होतं आणि ते त्यांनी पवनीच्या पोरीला दिलं. पुढं कितीतरी दुपारी ती दोघं तिथं असायची. मी विचारलं नाही. आमच्या घरात कोणी काही विचारायचं नाही, मनातल्या मनात जळायचं, अशी पद्धत होती.

निघायच्या दिवशी भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या स्टेशनवर बाबा सोडायला आले. तिथपर्यंत येतानाच त्यांचा दम गेला होता. बाकड्यावर बसूनच राहिले. गाडी आली तेव्हा माझ्याकडे बघून ‘हं’ म्हणाले. प्रणिताला मात्र जवळ बोलावून तिच्या कानाशी काहीतरी बोलले. ती मान डोलवत राहिली. गाडीत तिनं डब्यातली भाकर पुढं केली तर मी म्हटलं, मला भूक नाही. होती.

तिथली स्पर्धा म्हणजे काय वर्णन करू? हॉल एवढा थंड की आमच्याकडचे पोहे तिथं दोन दिवस टिकले असते. जगभरच्या बाया. एका बाईचे दंड पाहून मला पहिल्यांदा वाटलं की काही गोष्टींवर जळण्यातसुद्धा अर्थ नसतो. संघाबरोबर एकच प्रशिक्षक होते, चांगले होते, पण त्यांच्याजवळ सांभाळायला माणसं पुष्कळ. त्यांनाही आम्ही सरच म्हणायचो.

प्रणिताचा गट आदल्या दिवशी होता. तिचा पट्टा प्रशिक्षकांनी बांधला. मी खाली खुर्चीत बसून बघत होते. ती उठून आली आणि म्हणाली, "सैल होता वो ताई." सैल पट्ट्यावर ती तिसरी आली. पदक. घट्ट बांधला असता तर काय केलं असतं तिनं? हा विचार मला रात्रभर पुरला.

दुसऱ्या दिवशी माझं नाव पुकारलं. प्रशिक्षक त्याच वेळी वजनाच्या नोंदीवरून टेबलाशी अडकले होते. माझ्या मागून टकटक ऐकू आली. प्रणिता. गळ्यात परवानगीचं कार्ड, आदल्या संध्याकाळीच तिनं प्रशिक्षकांना विनवून घेतलेलं.

"तू कायले आली?"

"पट्टा बांधाले."

"सरले बलाव."

"सर नाही. मी. झोप."

भांडायला वेळ नसतो. नाव पुकारल्यावर घड्याळ सुरू होतं. मी उताणी झाले. छत होतं, पांढरं, उंच, परकं. आणि मग माझ्या मांड्यांवर दोन तळहात आले. ते दाबले नाहीत, हलवले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा. सबंध अंग बाकात बसलं. मग ती थांबली. माझा श्वास बाहेर गेला, पूर्ण गेला, आणि तेव्हा पट्टा आला. बाक आणि मी वेगळे उरलो नाही. मी मान उचलायला गेले, कारण मला खरंच वाटलं की बाबा आले. तिकडून प्रणिताचा आवाज आला, "हं."

मी उचललं. छातीवर थांबवून उचललं. तिन्ही दिवे पांढरे. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वजन मी त्या दिवशी उचललं आणि पाचवी आले. जगात पाचवी, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणते, ती तिसरी.

खोलीवर तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"बाबा म्हणत, माह्यानं येणं होत नाही. छाती नाही साथ देत. कुंदाले दुसऱ्याचा हात चालत नाही. तुले जा लागीन, अन् तुले शिका लागीन. म्हणून तर तुले वरच्या गटात धाडलं त्याईनं. दोघी गेलो तरच होते ना."

ती पुढं म्हणाली, "ते पोते पाहिले होते ना तू? ते तुहे पाय होते. एक बारीक अन् एक जास्त बारीक. बाबानं मापात भरले होते. मिलमध्ये पोत्याचं तोंड शिवाच्या आधी ते हालवून बसवते म्हणे, दाणा दाण्यात जाते. मंग आवळाचं. तसंच. अन् तुहा श्वास बाहेर गेला का ओढाचं. त्याच्या आधी नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगू नको म्हणत. म्हणे, कुंदा जळूनच चांगली उचलते."

मी हसले आणि मग हसता हसता थांबता येईना. माझा बाप मला ओळखून होता. सबंध दोन वर्षं त्यानं मला जळू दिलं, कारण त्याला चुलीत काय घालायचं ते माहीत होतं.

बाबा त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेले. त्यांना शेवटी दवाखान्यात पाणी पाजलं ते मी, पण त्यांनी बोलावून आण म्हटलं ते तिला. ती पवनीला गेलेली होती, पोचली नाही. यावरही मी जळले. मरणाऱ्या माणसावर कोणी जळतं का? मी जळले.

मग माझा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, पुरे आता. मी नोकरीत रमले असं लोकांना सांगते. प्रणिता उचलतच राहिली. माझा आकडा तिनं मागं टाकला, मग पुन्हा टाकला. तिचं नाव आता जिल्ह्यात पोरंसोरं घेतात. माझं नाव घेताना लोक म्हणतात, "त्या प्रणिताबरोबरच्या." मला हे ऐकायची सवय झालेली नाही आणि व्हावी असंही वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती घरी आली. आईनं तिला चहा दिला, बशीसकट. ती म्हणाली, "ताई, पुन्हा बाहेरची स्पर्धा हाय. आपल्या माणसाले सोबत नेऊ देते. तू चाल. माहा पट्टा बांध."

"मले नाही येत."

"बाबाची पोरगी हायस ना तू?"

इथं मला खरंच लागलं. बाबांची पोरगी मी, आणि बाबांचा हात हिच्याकडे. मी इतकी वर्षं त्या पट्ट्याखाली पडून होते आणि मला तो बांधता येत नव्हता. कसा येणार? मला छतच दिसायचं.

तरी गेले गोदामात. बाक तोच, गादी तेवढी नवी. ती उताणी झाली. मी बाकाच्या बाजूला बाबांच्या स्टुलावर बसले, कुबड्या भिंतीला लावल्या आणि पट्टा आवळला. मनगटात माझ्या ताकद अजून आहे.

"असा नाही," ती छताकडे बघत म्हणाली. "पयले बसव."

माझ्या बापाचे शब्द मला माझ्या बापाच्या स्टुलावर बसून तिच्या तोंडून ऐकावे लागले. मी पट्टा सोडला. तिच्या मांड्यांवर तळहात ठेवले आणि हलवले, डावीकडे, उजवीकडे. ती म्हणाली, "हळू. पोतं हाय, खाट नाही." मी पुन्हा हलवलं. अंग बसल्याचं मला हाताला कळलं.

"आता माह्या श्वासाकडे पाह्य," ती म्हणाली.

श्वास बघायचा म्हणून मी मान वर केली, आणि तिथून मला तिचा चेहरा दिसला. पूर्ण. कपाळावरची आठी, मिटलेले ओठ, भीती. ती मला बघत नव्हती, तिला छतच दिसत होतं. पट्टा बांधणाऱ्याला उचलणारीचा चेहरा दिसतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. म्हणजे बाबांना माझा चेहरा दिसत होता. प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक पट्ट्याला, ‘हं’ म्हणायच्या आधी ते माझ्याकडेच बघत असायचे.

तिच्याकडेही बघत असतील, हेही लगेच मनात आलं. मग तिचा श्वास बाहेर गेला आणि मी पट्टा ओढला.

"हं," मी म्हटलं.